विलायती मेंदीचं तेल

सगळं एका शब्दापासून सुरू झालं. आईने विचारलं, कॅन नीट धुतली ना, आणि मोबाइलमधून डोकं वर न काढता मी म्हणालो, "धुतली." त्या वेळी आपण खोटं बोललो असंही मला वाटलं नाही. नळाखाली धरून दोनदा खळखळवली होती, धुतली नाही तर काय! पण मी वाल्मिक, सुरतेत पांडेसऱ्याच्या एका कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये सोळा वर्षं कॉस्टिक सोड्याच्या वाफेत उभा राहिलेला माणूस. ती कॅन कशी धुवायची असते हे आमच्या गल्लीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर अज्ञान म्हणता आलं असतं. माझ्या बाबतीत तीही सोय नाही.

सांगतोय ते एवढ्यासाठी की अजून काही जणांना वाटतं, दोष झाडाचा होता.

झाड म्हणजे विलायती मेंदी. मेंदी म्हटलं की बायका तळहात पुढे करतात, पण हिने हात रंगत नाहीत. बारीक, टोकदार, चकचकीत पानं. चुरगाळली की निलगिरी आणि संत्र्याची साल एकदम हुंगल्यासारखा वास येतो. उन्हाळ्यात पांढरी फुलं लागतात, आत केसरांचा झुबका, आणि मागून वाटाण्याएवढी काळीनिळी फळं. आमच्या लिंबायतमध्ये, जिथे तुळशीलाही जागा शोधावी लागते, तिथे हे झाड कोणाकडे असण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडे ते आलं नानपुऱ्यातल्या पारशी बाईंमुळे. आई त्यांच्याकडे अकरा वर्षं धुणीभांडी करत होती. बाईंच्या कंपाउंडला या मेंदीची कमरेएवढी कुंपणं होती. बाई तिची पानं उकळून त्या पाण्याने केस धुवायच्या, वाळलेली पानं कपड्यांच्या घड्यांत ठेवायच्या आणि तोंड आलं की दोन फळं चघळत बसायच्या. बंगला विकायचं ठरलं तेव्हा त्या आईला म्हणाल्या, सुंदरा, काही घ्यायचं तर हे घे, बाकी सगळं भंगारात जाणार आहे.

आईने दहा काड्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, ना कोवळ्या ना जून. खालची पानं नखाने अलगद काढली, पावसाळ्यात ओल्या रेतीत काड्या खोचल्या आणि वर पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून उपड्या घातल्या. सात कुजल्या. दोन मुळं धरून वाळल्या. एक जगली.

त्या एकीसाठी मी मिलमधून निळा ड्रम आणला. तेव्हा नोकरीला दोनच वर्षं झाली होती आणि अंगात शहाणपण होतं. आमच्या खात्यात पॉलिस्टरचं कापड गरम कॉस्टिकमधून काढतात. कॉस्टिक धागा खातं, मग कापड पातळ होतं, मऊ होतं, अंगावर सुळसुळतं. नंतर ते ॲसिडच्या पाण्यात घालून कॉस्टिक मारायचं आणि कागदाची पट्टी लावून बघायची. पट्टी निळी झाली तर कॉस्टिक अजून आत आहे, हिरवी झाली तर कापड सोडायचं. आमचे मास्तर भूपेंद्रभाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वाल्मिक, कपडुं नहीं बोले, कागळ बोलशे." कापड काही सांगणार नाही, कागद सांगेल. मी तो ड्रम तीनदा पाण्याने धुतला, एकदा ॲसिडच्या पाण्याने, परत साध्या पाण्याने. मग पट्टी लावली. ती हिरवी झाल्यावरच ड्रम अर्धा कापून गच्चीवर चढवला. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण माझा मुलगा मिलमध्ये काहीतरी शिकतोय एवढं कळलं आणि ती खूश झाली.

चौदा वर्षं तिने ते झाड सांभाळलं. तापलेल्या सळईने ड्रमच्या बुडाला भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे घातले, कारण या झाडाला पाणी साचलेलं खपत नाही. फुलं येऊन गेल्याशिवाय कात्री लावायची नाही हा तिचा नियम. एकदा स्वातीने, म्हणजे माझ्या बायकोने, होळीच्या सुमाराला झाड आडवंतिडवं वाढलं म्हणून हौसेने छाटलं, तर त्या वर्षी एक फूल आलं नाही आणि आई तिच्याशी आठ दिवस जेवढ्यास तेवढं बोलली.

या झाडाच्या पाल्याचं आई तेल करायची. पाला तीन दिवस सावलीत सुकवायचा, खलबत्त्यात जाडसर कुटायचा, तिळाच्या तेलात मंद आचेवर कोमट करायचा आणि काचेच्या बरणीत चौदा दिवस उन्हात ठेवायचा. तेल तिने कधी विकलं नाही. गल्लीत कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की दहा दिवस आधी त्या घरी बरणी घेऊन जायची आणि नवरीच्या डोक्याला पहिला हात लावायची.

हे मी सहज सांगून गेलो, पण त्यात मोठी गोष्ट आहे. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. आमच्या खानदेशात हळदीला विधवेचा हात चालत नाही, आणि सुरतेला येऊन चाळीस वर्षं झाली तरी तो नियम काही तापी ओलांडताना बुडाला नाही. आई लग्नात मागे बसायची, भाजी निवडायची. पण तेलाच्या दिवशी सगळ्या सवाष्णी हात बांधून उभ्या राहायच्या आणि पाटावरच्या मुलीला सांगायच्या, थांब, सुंदरामाय येऊ दे. कोणी ठरवून केलेलं नव्हतं. एका मुलीला लावलं, तिचे केस चांगले आले, मग दुसरीने मागितलं, आणि चौदा वर्षांत तो मानच झाला. आईच्या आयुष्यात तिला मिळालेला तेवढा एकच मान. तो मी घालवला.

यंदा वैशाखात चंचलचं लग्न होतं. चंचल म्हणजे समोरच्या कलाबाई आणि हिलालची मुलगी. हिलाल लूमवर, कलाबाई घरी साड्यांना टिकल्या लावते, त्यामुळे ही पोरगी लहानपणी आमच्याच ओट्यावर असायची. मुलगा बारडोलीचा, साखर कारखान्यात नोकरीला. आईने महिनाभर आधी पाला खुडला, आणि नेमकी तेव्हाच बरणी माझ्या मुलीच्या हातून फुटली.

"वाल्मिक, तुना मिलमाईन एखादी कॅन लई ये," आई म्हणाली.

रिकाम्या कॅन घरी न्यायला मिलमध्ये मनाई आहे आणि सगळेच नेतात. मी पाच लिटरची आणली. तिच्यात आधी कॉस्टिकचं पाणी असायचं. वाळलेल्या कॉस्टिकचा पांढरा थर बुडाच्या कोपऱ्यांत बसतो आणि तो दोनदा खळखळवून जात नाही, हे मला माहीत होतं. पण बारा तासांची ड्यूटी झाली होती, पाय दुखत होते, मोबाइलवर मॅच चालू होती.

"नीट धोयी ना रे?"

"धुतली."

चौदा दिवस कॅन गच्चीवर उन्हात होती. मध्ये एकदा आई म्हणाली, बुडाशी काहीतरी पांढुरकं साचलंय, येऊन बघ. मी खालूनच ओरडलो, तेल गोठलं असेल. वैशाखातल्या सुरतेत तेल गोठलं असेल! एवढं अक्कल गहाण टाकलेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन. आईला मात्र ते पटलं, कारण मिलमध्ये शिकलेला मुलगा बोलला होता. वरचं निवळ तेल तिने स्वातीला दिलं, कलाबाईला दिलं. त्यांना काहीच झालं नाही. चंचलसाठी काढायची वेळ आली तेव्हा आईने कॅन दोन्ही हातांनी खूप वेळ हलवली, म्हणाली, सगळा कस खाली बसलाय, नवरीला तो लागला पाहिजे.

तो रविवार होता. बायकांनी गाणी म्हटली, आईने चंचलच्या भांगात बोटांनी तेल सोडलं, पार मुळांपर्यंत जिरवलं आणि पुढच्या दिवसांसाठी एक बाटली भरून तिच्या हातात दिली. संध्याकाळी चंचल म्हणाली, डोकं जरा चुरचुरतंय. आईने पाल्याच्या उकळलेल्या पाण्याने तिचं डोकं धुऊन दिलं. उन्हाचं असेल, असं सगळ्यांनी धरलं.

सोमवारी मी मिलमध्ये कापडाला पट्टी लावली. निळी आली. निळी येणं रोजचंच आहे, ॲसिड वाढवायचं आणि पुन्हा बघायचं. पण ती पट्टी बोटांत धरून मी तसाच उभा राहिलो. सकाळी निघताना कलाबाई ओट्यावरून म्हणाली होती, पोरीच्या भांगात लालभडक झालंय, मेडिकलवाल्याने मलम दिलंय. कानावर पडलं होतं आणि मी रिक्षा पकडायला धावलो होतो. आता पाचावर धारण बसली. खिशात चार पट्ट्या टाकून मी घरी आलो, गच्चीवर गेलो, कॅनमधलं उरलंसुरलं तेल वाटीत ओतलं, त्यात पाणी घालून ढवळलं आणि पट्टी बुडवली. ती निळी नाही, काळपट जांभळी झाली. आमच्याकडे कापड असं आलं तर पाळीचा माणूस घरी जातो.

त्या क्षणी खाली उतरून समोरच्या दारात उभं राहायचं होतं. दहा पावलं. मी काय केलं ते सांगतो. उरलेलं तेल मोरीत ओतलं. मग कॅन धुतली. तीनदा पाण्याने, एकदा लिंबाच्या पाण्याने, पुन्हा पाण्याने. पट्टी लावली, हिरवी आली. त्या दिवशी मात्र मी कॅन नीट धुतली. दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याला देऊन टाकली आणि आईला सांगितलं, गळत होती.

मनाची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही. झालं ते झालं, मलम लावलंय, आठ दिवसांत बरं होईल, उगाच सांगून लग्नघरात कालवा कशाला! मिलमध्ये कळलं तर तिथलीही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीती कमी होती, लाज जास्त होती. गल्लीत मला वाल्मिकशेठ म्हणत नसले तरी चार माणसं विचारायला यायची, कापडावरचा डाग कशाने जाईल, अमुक पावडर चालेल का. त्या माणसाला साधी कॅन धुता आली नाही, हे मला सांगवेना. मी मूग गिळून बसलो.

गुरुवारी सकाळी कलाबाईचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. चंचलच्या भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस रुमालाबरोबर निघून आले होते. खाली कातडी भाजल्यासारखी ओली. लग्नाला सहा दिवस. कलाबाई तो रुमाल घेऊन आमच्या ओट्यावर आली आणि आईसमोर उघडून धरला.

"दख सुंदरामाय, दख! मनी पोरनं काय करं तू!"

आई रुमालाकडे बघत राहिली. तिने केसांना हात लावला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मी तं नेहमीसारखंच करेल व्हतं," एवढंच ती म्हणाली, तेही विचारल्यासारखं. बायका जमल्या. कोणी म्हणालं, झाड जुनं झालं की त्याच्यात विष उतरतं. कोणी म्हणालं, शेवटी आपल्या रीती काही उगाच नसतात, पहिला हात कोणाचा लागावा याला अर्थ असतो. हे दुसरं बोलणारी हलक्या आवाजात बोलली, पण आईने ऐकलं. मीही ऐकलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस, मिलमधला. आणि मी म्हणालो, "मी तर हिला कधीपासून सांगतोय, काढून टाक ते झाड. त्या पाल्यात काय असेल कोणास ठाऊक."

मी असं कधीही सांगितलं नव्हतं. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं, आपण विसरलो. आपला मुलगा सांगत होता आणि आपण ऐकलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"काप मंग," ती म्हणाली.

संध्याकाळी मी करवत घेऊन गच्चीवर गेलो. खोड मनगटाएवढं झालं होतं. फुलं नुकती उमलायला लागली होती, आणि फुलं येऊन गेल्याशिवाय कात्री लावायची नाही हा नियम करणारी बाई फांद्या धरून माझ्यासमोर उभी होती, करवत अडकू नये म्हणून. वास इतका सुटला की खालून कोणीतरी विचारलं, काय चाललंय. कापून झाल्यावर आईने बुंध्यावर गोणपाट टाकलं, पाला गोळा केला आणि भंगाराच्या पोत्यात भरला. एक पानही ठेवलं नाही.

लग्न झालं. चंचलने पदर कपाळावर ओढून आणि मोगऱ्याचे गजरे पुढपर्यंत आणून सगळं निभावलं. नवरा मुलगा भला निघाला. आईला बोलावणं होतं, पण ती गेली नाही. हळदीच्या दिवशी समोर हलगी वाजत होती आणि ती आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. त्यानंतर तिने माझ्या मुलीची वेणी घालणं सोडलं. पोरगी कंगवा घेऊन आली की म्हणायची, आईकडून घाल, मना हात चांगला नही. स्वाती दोनदा म्हणाली, आईंना काहीतरी झालंय, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मी बोललो. जेवण झालं का, औषध घेतलं का. रोज बोलत होतो.

आषाढात एका सकाळी आईने मला गच्चीवर बोलावलं. गोणपाट बाजूला करून दाखवलं. बुंध्याच्या कडेने आठदहा कोंब फुटले होते, तांबूस दांड्यांचे, इवल्या चकचकीत पानांचे. मला आधी बरं वाटलं.

"वाल्मिक," आई म्हणाली, "तुना मिलमाईन कायतरी लई ये. जाळाचं. हाई खोड पुरं मरी गयं पाहिजे. आखो कोनी पोरना डोकाले लागाले नको."

मी म्हणालो, आणतो. तोंडातून आलं तसं, सवयीने. आणि जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलोही. तिथून मागे वळून पाहिलं तर आई वाकून त्या कोंबांवरून बोट फिरवत होती, अगदी हलकं, आणि लगेच बोट पदराला पुसत होती. ते पुसणं मला सहन झालं नाही. मी वर गेलो आणि सगळं सांगितलं. कॅन, खळखळवणं, मॅच, पट्टी, मोरी, लिंबाचं पाणी, भंगारवाला. तिला मी कधी झाड काढायला सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं.

आई ड्रमच्या कडेवर बसली. मला वाटलं रडेल, थोबाडीत देईल. तिने फक्त विचारलं, "तू धोयी म्हनी सांगं व्हतं ना?"

"हो."

"मी इचारं व्हतं."

"हो, माय."

"मंग माले काय सांगस? चंचलले जाईसन सांग."

चंचल आषाढाची माहेरी आलेली होती. कलाबाई टिकल्यांचं ताट घेऊन बसली होती, हिलाल रात्रपाळी करून नुकताच अंघोळ करून आला होता. मी दारातच उभा राहून बोललो. बस म्हटलं तरी बसलो नाही. बोलता बोलता कलाबाईचा हात थांबला. हिलाल एकदाच "अरे वाल्मिक!" म्हणाला आणि तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिला. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. त्यासाठीच तर माणूस सांगतो.

चंचल पुढे आली. डोक्यावरची ओढणी तिने मागे घेतली होती. डावीकडचे केस परत येत होते, पण भांगाच्या उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा गुळगुळीत, गुलाबी. कडेने बारीक केस यायला लागले होते, मध्ये काहीच नव्हतं.

"काका, तुम्ही तो कागद कधी लावला?"

"सोमवारी. सोमवारी संध्याकाळी."

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी तर नुसतं लाल होतं. केस गेलेच नव्हते."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं. बुधवारी कंगव्यात चारपाच केस आले म्हणून ती घाबरली. लग्न आठवड्यावर. तिला वाटलं, मायच्या तेलाने तर केस येतात, सगळ्या गल्लीतल्या पोरींचे आले. मायने दिलेली बाटली होतीच. तिने ती पुरी हलवून डोक्यावर रिकामी केली आणि वरून रुमाल बांधून झोपली. "आग होत होती. मला वाटलं, औषध लागतंय. सकाळपर्यंत सोसलं मी."

दारात कोणीतरी हुंदका दिला. आई माझ्या मागे येऊन उभी होती, मला माहीत नव्हतं.

"दहा पावलांवर तर राहता, काका," चंचल म्हणाली आणि ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली. "नुसतं हाक मारून सांगितलं असतं, बाटली फेक."

मी सोमवारी मोरीत तेल ओतत होतो तेव्हा मला ती बाटली आठवली नव्हती. आठवली असती तरी मी गेलो असतो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर मला माहीत आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

आई आत गेली. चंचलच्या डोक्याजवळ हात नेला आणि तिथेच थांबवला. चंचलने तो हात धरून स्वतःच आपल्या टाळूवर ठेवला. कलाबाई रडायला लागली, म्हणाली, सुंदरामाय, मी तुले काय काय बोलनू. त्या तिघी बायकांत मला आणि हिलालला काही जागा नव्हती. हिलाल उठून बाहेर गेला; माझ्याजवळून जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि अजून पाहत नाही.

कोंब आता वीतभर झालेत. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत आईने त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय. पण चंचलसाठी थोडं तेल हवं होतं. भंगाराच्या पोत्यातला पाला कधीच गेला होता. स्वातीने मात्र त्या संध्याकाळी गुपचूप मूठभर पानं उचलून साड्यांच्या घडीत ठेवली होती, ती निघाली. मी बाजारातून काचेची नवी बरणी आणली. कंपनीचं लेबल तसंच होतं. तरी मी ती घरी येऊन गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, पुसली आणि आईसमोर ठेवली.

"धुतली, माय," मी म्हणालो.

आईने बरणीत पेलाभर पाणी ओतलं, झाकण लावून दोन्ही हातांनी खूप वेळ हलवलं. मग कमरेच्या पिशवीतून कागदाची पट्टी काढली. मिलमधून मीच आणून दिल्या आहेत, तिने मागितल्या म्हणून. निळा वाईट आणि हिरवा चांगला एवढं तिने माझ्याकडून शिकून घेतलंय. पट्टी पाण्यात बुडवली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरून रंग येईपर्यंत उभी राहिली. मीही उभा राहिलो.

हिरवी आली. तिने मान हलवली आणि पाला निवडायला बसली. मी आणलेली प्रत्येक वस्तू ती आता अशीच बघून घेते. नीट धुतली ना, असं मात्र मला विचारत नाही.